अडीअडचणीला पुरेल इतका दम: नवख्यांसाठी बारा आठवड्यांचा आराखडा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकल ठप्प झाल्या, बस जागच्या जागी अडकल्या आणि ऑफिसातली माणसं रुळांवरून, हायवेवरून, कमरेएवढ्या पाण्यातून घरी निघाली. कुणी दहा किलोमीटर चाललं, कुणी वीस. बरेच जण दुसऱ्या दिवशी पोचले. पुण्याची १२ जुलै १९६१ ची गोष्ट वेगळी. पानशेत फुटल्यावर नदीकाठच्या पेठांतल्या लोकांना लांब जायचं नव्हतं. पोरंबाळं, म्हातारी माणसं सोबत घेऊन लवकरात लवकर उंचावर जायचं होतं.

मुंबईतल्या त्या रात्री तासन्‌तास चालत राहण्याचा दमसास लागला, पुण्यातल्या त्या दुपारी काही मिनिटं जीव खाऊन हलण्याची ताकद. शरीर ही दोन कामं वेगवेगळ्या यंत्रणांनी करतं आणि एक कमावली म्हणून दुसरी पूर्ण येत नाही. रोज पाच किलोमीटर रमतगमत पळणाऱ्यालाही सुटती एसटी पकडताना धाप लागते. शंभर मीटर झक्कास मारणारा पोरगा राजगडाच्या चढावर अर्ध्यात बसतो. आपल्याकडच्या पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत १०० मीटरसोबत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर पळायला लावतात, आणि वर गोळाफेक. वेग, दम आणि ताकद असं तिन्ही तपासणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. भरतीला जायचं नसलं तरी आपल्याला तेच हवंय, फक्त सेकंदांचा हिशेब सैल ठेवून.

क्रम मात्र महत्त्वाचा: आधी सावकाश आणि लांब, मग चढावर स्प्रिंट, म्हणजे थोडं अंतर पूर्ण जोराने पळणं, सपाटीवरचा वेग सगळ्यात शेवटी. उत्साही माणूस नेमकं उलटं करतो. सोमवारी मैदानावर जाऊन पहिल्याच दिवशी फुल्ल स्प्रिंट मारतो आणि गुरुवारी मांडीची मागची शीर धरून बसतो.

सुरू करण्याआधी

चाळिशी जवळ आली असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तंबाखू-सिगारेट असेल, किंवा घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा आणि ‘मला जोरात पळायचं आहे’ हे स्पष्ट शब्दांत सांगा. ‘थोडा व्यायाम करू का’ असं विचारलं की ‘करा की’ एवढंच उत्तर मिळतं.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, मदतीला जाणाऱ्यांना भर पावसात डोंगर पायी चढावा लागला आणि त्या चढाईत अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. सेवेतल्या माणसावर ही वेळ येऊ शकते, तर वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेल्या आपण तपासणीला कंटाळा करू नये.

छातीवर दाब येणं, जबडा किंवा डावा हात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, छातीत विनाकारण धडधड होणं, यातलं काहीही झालं की तिथेच थांबायचं, बसायचं आणि १०८ ला फोन. ‘राउंड पूर्ण करून बघू’ हा विचारही नको. ताप असताना पळायचं नाही. डेंग्यूतून उठलेल्यांनी डॉक्टर हो म्हणेपर्यंत नुसतं चालावं.

अंगात काय चालतं, थोडक्यात

पूर्ण ताकदीने पळायला लागलं की पहिली आठ-दहा सेकंदं मुख्यतः स्नायूंत आधीच साठवलेल्या एटीपी आणि क्रिएटिन फॉस्फेट या तयार इंधनांवर निघतात. मग ऑक्सिजनशिवाय साखर जाळणारी यंत्रणा जोर धरते. ती मिनिट-दीड मिनिट ओढते आणि पाय जड पडतात. त्यापुढचं सगळं ऑक्सिजनच्या जिवावर.

आता यातली मेख. संपलेला क्रिएटिन फॉस्फेटचा साठा पुन्हा भरायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि ते भरण्याचं काम ऑक्सिजनवाली यंत्रणाच करते. म्हणजे सावकाश पळून कमावलेला पाया दोन स्प्रिंटमध्ये सावरायलाही कामी येतो. पाया नसलेला माणूस पहिली स्प्रिंट छान मारतो, दुसरी बरी, आणि तिसरीला हातपाय गाळतो. आणीबाणीत एकाच स्प्रिंटवर भागेल याची खात्री नसते. धावायचं, थांबायचं, कुणाला तरी उचलायचं, परत धावायचं, असंच होतं.

इथे जिममधल्या ‘तबाता’ या झटपट व्यायामप्रकाराचा विषय निघतोच. इझुमी तबाता या जपानी संशोधकाने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुण, व्यायामाची सवय असलेली मुलं सायकलवर २० सेकंद जीव तोडून आणि १० सेकंद विश्रांती असं सात-आठ वेळा करत होती. ऑक्सिजनवाली आणि ऑक्सिजनशिवायची, दोन्ही यंत्रणा सुधारल्या, हे खरं. पण त्या चार मिनिटांत ती मुलं पार गळून जायची. जिममध्ये गाणी लावून अर्धा तास जे चालतं त्याचा या प्रयोगाशी फारसा संबंध नाही, आणि नवख्याने मूळ प्रयोगाच्याही वाटेला जाऊ नये.

पहिले चार आठवडे: सावकाश म्हणजे खरंच सावकाश

आठवड्यातून चार दिवस. तीन दिवस साधारण अर्धा तास, रविवारी एक तास किंवा थोडं जास्त.

अर्ध्या तासाचे दिवस असे: आधी पाच-सात मिनिटं भरभर चालणं. मग पहिल्या आठवड्यात १ मिनिट हळू पळणं आणि २ मिनिटं चालणं, असं दहा वेळा. दुसऱ्या आठवड्यात २ मिनिटं पळणं, २ चालणं, आठ वेळा. तिसऱ्यात ३ पळणं, २ चालणं, सहा वेळा. चौथ्या आठवड्यात मुद्दाम कमी करायचं. तिसऱ्याचंच गणित, पण दोनच दिवस. रविवारी फक्त चालणं: ६० मिनिटं, मग ७०, मग ८०, आणि चौथ्या रविवारी परत ६०.

वेग किती? सोबतच्या माणसाकडे वाढून आलेल्या वीजबिलाची तक्रार पूर्ण वाक्यांत करता आली पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग जास्त झाला. घड्याळातल्या हार्टरेटपेक्षा नवख्याने या बोलण्याच्या कसोटीवर विश्वास ठेवावा. हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके सांगणारं ‘२२० वजा वय’ हे सूत्र सरासरीचं आहे, आपल्या हृदयाला ते लागू पडेलच असं नाही. सुरुवातीला या वेगाची लाज वाटते. टेकडीवर सत्तरीचे आजोबा ‘चला, मागे राहू नका’ म्हणत पुढे जातात. जाऊ द्यावं.

इतकं सावकाश कशासाठी? हृदय आणि फुप्फुसं तीन-चार आठवड्यांत दाद देतात. नडगीची हाडं, घोट्यामागची शीर, गुडघ्याभोवतालचे स्नायुबंध यांना मात्र महिने लागतात. त्यामुळे चौथ्या-पाचव्या आठवड्यात ‘आता काय, कितीही पळू शकतो’ असं वाटायला लागतं, आणि दुखापती नेमक्या तेव्हाच होतात. नडगी दुखायला लागली तर हाडावरून बोट फिरवून बघा. लांबट पट्ट्यात मंद ठणका असेल तर दोन-चार दिवस चालण्यावर या. पण बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी दाबल्यावर टोकदार कळ येत असेल तर पळणं बंद आणि हाडांचा डॉक्टर. ती बारीक तड असू शकते.

अविनाश साबळेचं उदाहरण यासाठी आठवतं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा हा मुलगा लहानपणी शाळेसाठी रोज सहा किलोमीटर चालत-पळत जायचा, पुढे सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि स्पर्धेसाठी पळणं त्यानंतर सुरू केलं. तीन हजार मीटर स्टीपलचेसमधला, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीतला, त्याचा वेग जगाने पाहिला, पण पाय त्याआधी कितीतरी वर्षं तयार होत होते.

पाचवा ते आठवा आठवडा: चढावरची स्प्रिंट

आता आठवड्यातला एक दिवस, एकच, स्प्रिंटचा. बाकीचं सावकाश पळणं तसंच ठेवा, आता सलग वीस ते तीस मिनिटं.

जागा आधी शोधा. दुचाकी खालच्या गिअरवर घ्यावी लागेल इतपत चढ, पन्नास-साठ मीटर लांब, वाहनं नसलेला, पायाखाली खडी नसलेला. पुण्यात टेकड्यांचे पायथे आहेत, कोकणात तर घराबाहेर पडलं की चढच. सोलापूर-लातूरकडच्या सपाटीवर पुलाचा किंवा तलावाच्या बांधाचा चढ चालतो.

चढच का? चढावर कितीही जोर लावला तरी वेग मर्यादित राहतो आणि पाऊल फार पुढे फेकता येत नाही. सपाटीवर मांडीची मागची शीर बहुतेक वेळा पाय पुढे झेपावून जमिनीवर टेकायच्या बेतात असताना दगा देते. चढावर तो ताण कमी पडतो, आदळही कमी बसते. शिवाय पूर आला की जायचं असतं ते वरच.

सत्राची पद्धत अशी. दहा मिनिटं चालणं, पाच मिनिटं हळू पळणं. एखाद्या झाडाला किंवा कठड्याला धरून प्रत्येक पाय पुढे-मागे दहा-बारा वेळा झुलवणं. मग त्याच चढावर तीन वेळा अर्ध्या-पाऊण जोराने पळून बघणं. हे टाळलंत तर पुढचं सगळंच टाळा, इतकं ते गरजेचं आहे.

आता खाली उभे राहा. मोबाईलवर आठ सेकंदांचा टायमर लावून पूर्ण जोराने वर सुटा. हात कोपरात वाकवून मागे जोरात ओढायचे, नजर दहा-पंधरा पावलं पुढे. टायमर वाजेल तिथे एक दगड ठेवा. चालत खाली या आणि निदान दोन मिनिटं जाऊ द्या. श्वास आधीच बसला तरी दोन मिनिटं. मग परत. पहिल्या आठवड्यात अशा चार, पुढे दर आठवड्याला एक-दोन वाढवत जास्तीत जास्त आठ.

दगड कशासाठी, तर थांबायचं केव्हा ते कळायला. टायमर वाजताना दगडाच्या दोन पावलं अलीकडेच राहिलात, तर त्या दिवसाचं काम संपलं, मग चारपैकी तीनच झाल्या असल्या तरी. थकून मारलेल्या स्प्रिंटने वेग वाढत नाही, नुसती धाप लागते. हा नियम मोडायचा मोह रोज होतो, विशेषतः मित्र बघत असले की.

दोन स्प्रिंट-सत्रांमध्ये किमान ४८ तास हवेत. आठवड्यातून एकदाच करत असाल तर तो प्रश्नच येत नाही. आठव्या आठवड्यात पुन्हा सगळं दोन-तृतीयांशावर आणा.

ओझं

संकटात माणूस क्वचितच रिकाम्या हाताने निघतो. बॅग असते, लेकरू असतं, कधी आईचा हात धरलेला असतो. म्हणून पाचव्या आठवड्यापासून रविवारच्या चालण्यात पाठीवर सॅक घ्या.

वजनासाठी पाण्याच्या बाटल्या सगळ्यात सोयीच्या. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि जड झालं की झाडाला ओतून मोकळं होता येतं. सुरुवात आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाने, साठ किलोच्या माणसाने सहा लिटर. बाटल्या सॅकमध्ये खाली लोंबकळू देऊ नका. तळाशी चादर भरा आणि वजन खांद्यांच्या पात्यांजवळ येऊ द्या, म्हणजे कंबर भरून येत नाही. दोन आठवड्यांनी एखादा किलो वाढवा. नवख्याने पहिल्या तीन महिन्यांत पंधरा टक्क्यांपुढे जायची गरज नाही, आणि ओझं घेऊन पळायचं तर अजिबातच नाही. अधूनमधून दोन्ही हातांत पाण्याचे पाच-पाच लिटरचे कॅन धरून शंभर पावलं चाला. हाताची पकड आणि पाठ किती कच्ची आहे ते लगेच कळतं.

महिन्यातून एकदा ऑफिसातून घरी पायी या, निदान शेवटचे पाच किलोमीटर. ऑफिसच्याच कपड्यांत, ऑफिसच्याच चपला-बुटांत, लॅपटॉपच्या बॅगेसकट. बूट कुठे चावतो, बॅगेचा पट्टा कुठे रुततो, फुटपाथ कुठे गायब होतो, हे त्या दिवशी कळतं. मग ड्रॉवरमध्ये पट्ट्याची पावसाळी सॅन्डल आपोआप येऊन पडते.

एक गोष्ट मात्र कितीही दम असला तरी करायची नाही, ती म्हणजे वाहत्या पाण्यात शिरणं. घोट्याच्या थोडंसं वर, सहा इंच जोरात वाहणारं पाणीही मोठ्या माणसाला आडवं करू शकतं. साचलेल्या पाण्यातून जावंच लागलं तर छत्रीने किंवा काठीने पुढचं पाऊल चाचपा. उघडी मॅनहोलं दिसत नाहीत.

नववा ते बारावा आठवडा

आता दोन प्रकारची सत्रं आलटूनपालटून, तीही आठवड्यातून एकच.

एका आठवड्यात सपाट मैदानावर स्प्रिंट: दहा-बारा सेकंद, सहा वेळा, मधे तीन मिनिटं. जोर दहात नऊ. शेवटचा एक हातचा राखून ठेवा. पहिल्या पंधरा-वीस मीटरमध्ये हळूहळू वेग पकडायचा, उभ्याउभ्या झेप घ्यायची नाही. डांबरापेक्षा मातीचं मैदान चांगलं.

दुसऱ्या आठवड्यात चार मिनिटांचे तुकडे. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या संशोधकांमुळे ही पद्धत प्रसिद्ध झाली: चार मिनिटं असं पळायचं की दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त बोलता येऊ नये, मग तीन मिनिटं चालणं किंवा अगदी हळू पळणं. असं चार वेळा. पहिला तुकडा जरा जास्तच सोपा वाटला पाहिजे, नाहीतर चौथा होत नाही. सुरुवातीला तीनच केले तरी चालतील. हे सत्र स्प्रिंटपेक्षा कंटाळवाणं आणि जास्त त्रासाचं आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फळ देणारं. पळायला आवडत नसेल तर हेच पायऱ्यांवर भरभर चढून करता येतं. पर्वतीच्या १०३ पायऱ्या पुणेकरांना यासाठीच दिल्यात असं कधीकधी वाटतं, फक्त दर्शनाला आलेल्यांना धक्का लागू नये इतक्या पहाटे जा.

रविवारचं चालणं आता दीड ते दोन तास, सॅकसह, आणि जमेल तिथे चढउताराचं.

ऊन, पाणी, खाणं, कुत्री

मार्च ते मे सूर्य वर यायच्या आत संपवा. तासाभराच्या आतल्या व्यायामाला साधं पाणी पुरतं. त्याहून लांब, घामाघूम करणाऱ्या चालण्याला लिंबू-मीठ-साखरेचं सरबत किंवा ओआरएस सोबत ठेवा. नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ कमी पडतं. लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली तर पाणी पीत घरी बसू नका, दवाखाना गाठा. अतिश्रमाने स्नायू फुटत असल्याची ती खूण असू शकते. खाण्याचं फार शास्त्र नको. सकाळी आधी एखादं केळं, परतल्यावर पोहे-अंडी किंवा भाकरी-उसळ. झोप कमी झाली असेल त्या दिवशी स्प्रिंट नाही.

पहाटे कुत्री मागे लागतातच. इथे कमावलेला वेग वापरायचा नाही, कुत्रं तुमच्यापेक्षा जोरात पळतं आणि पळणाऱ्याच्याच मागे येतं. थांबा, नजर रोखू नका, हात अंगाशी ठेवून हळूहळू बाजूला व्हा. चावलंच तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. अंधारात एकटीने जायला बिचकणाऱ्या मुलींनी भरतीच्या मुलींच्या गटात सामील व्हावं. बहुतेक तालुक्यांच्या मैदानावर असे गट सापडतात आणि नव्यांना ते घेतातही.

मोजायचं कसं

पहिल्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात कूपर चाचणी. केनेथ कूपर या अमेरिकी हवाई दलाच्या डॉक्टरने १९६८ मध्ये मांडलेली ही चाचणी इतकी सोपी आहे की सबब सांगता येत नाही: बारा मिनिटांत किती अंतर जाता ते मोजा. पहिल्या आठवड्यात मात्र ती पळायची नाही, फक्त भरभर चालून करायची. ४०० मीटरच्या ट्रॅकवर तिशीतल्या पुरुषाला बाराव्या आठवड्यात सहा राउंड, बाईला पाच-सव्वापाच झाले तर पाया बरा आहे. नाही झाले तर चौथ्या आठवड्याच्या आकड्यांवर परत जाऊन पुढचे बारा आठवडे काढा. वय आणि वजन जास्त असलेल्यांनी आपल्याच जुन्या आकड्याशी तुलना करावी.

त्याशिवाय माझ्या दोन घरगुती कसोट्या आहेत. वजनाच्या दहाव्या हिश्शाची सॅक घेऊन दहा किलोमीटर दोन तासांच्या आत. आणि लिफ्ट न वापरता सात मजले न थांबता चढून वर पोचल्यावर लगेच फोनवर पत्ता नीट सांगता येणं. आग लागलेल्या इमारतीतून किंवा पूर आलेल्या गल्लीतून फोन लावताना नेमकं तेच जमायला हवं.

बारा आठवड्यांनंतर टिकवायला एवढं पुरतं: एक स्प्रिंट किंवा चार मिनिटांच्या तुकड्यांचं सत्र, एक लांब ओझ्याचं चालणं, दोन सावकाश दिवस. आजारपणाने किंवा लग्नसराईने दोन आठवड्यांहून जास्त खंड पडला तर स्प्रिंट लगेच नको, आधी आठवडाभर सावकाश पळा. पावसाळ्यात टेकडीची वाट शेवाळली की स्प्रिंट बंद करून सोसायटीच्या जिन्यावर या. चढताना जोर लावा, उतरताना कठडा धरा, कारण ओल्या फरशीवर पाय मुरगळतो तो उतरतानाच. आणि वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर जिन्यात कोण धावतंय म्हणून तो शिट्टी मारत वर येईल.